घरचा अभ्यास : शालान्त म्हणजे प्रवेश नव्हे

मार्च महिना सरत आला कीं, आमच्या टपालांत एकाच विषयाचीं पत्रें येऊं लागतात. दहावीची परीक्षा संपलेली असते, निकाल लागावयाचा असतो, आणि मधल्या मोकळ्या दिवसांत घरांतील वडील माणसांस एकाएकीं वाटूं लागतें कीं, मुलांच्या पुढील शिक्षणाचा विचार आतां केलाच पाहिजे. हा विचार बहुधा तीन प्रश्नांपाशीं येऊन थांबतो : शाखा कोणती, कॉलेज कोणतें आणि क्लास कोणता. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देणारे गृहस्थ प्रत्येक आळींत भेटतात. त्यांत आमची भर पडण्याचें कारण नाहीं. चौथा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. कॉलेजांत जें शिक्षण चालतें तें घेण्याची तयारी या मुलाची किंवा मुलीची झाली आहे काय, हा तो प्रश्न.

दहावीला शेंकडा पंच्याऐंशी गुण पडले म्हणजे या प्रश्नाचें उत्तर मिळालेंच, असें आपण धरून चालतों. येथेंच घोटाळा आहे, आणि तो कसा उत्पन्न झाला हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ सालीं झाली. माधवराव रानडे त्याच पहिल्या तुकडींतले. ही परीक्षा शाळेची नव्हती, विद्यापीठाची होती. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यास दारांतच उभें करून, 'आंत जें चाललें आहे तें तुला झेपेल काय?' असें ती विचारीत असे. मुंबई इलाख्यांत १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी. परीक्षेनें घेतली, पुढें १९७५ सालीं महाराष्ट्रांत ती अकरावीऐवजीं दहावीच्या अखेरीस आली. आज तिचें पूर्ण नांव माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा असें आहे, आणि नांवांतच तिचा अर्थ आहे. शाळेंत जें शिकविलें तें पुरें झालें काय, एवढेंच ती विचारते. दोन्ही प्रश्न आपापल्या जागीं योग्य आहेत. परंतु ते एक नव्हेत. प्रवासाला निघतांना शिदोरी बांधली काय हें पाहणें निराळें, आणि पुढला घाट चढण्याइतके पाय भक्कम आहेत काय हें पाहणें निराळें. नीट, जेईई, सीईटी या परीक्षा आणखी दोन वर्षांनीं येतात. अकरावीच्या दारांत मात्र आज कोणीच उभें नाहीं.

जुनी मॅट्रिक परत यावी असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. एकट्या इंग्रजीपायीं तिनें कित्येक चांगल्या मुलांचीं वर्षें खाल्लीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही तपासणी आतां विद्यापीठ करीत नाहीं आणि शिक्षणमंडळही करीत नाहीं. तेव्हां ती घरानें केली पाहिजे. चार वडील माणसें एका छपराखालीं राहतात अशा आमच्या वाचकांच्या घरांस ती इतरांहून अधिक चांगली साधेल.

हा विषय याच महिन्यांत घेण्याचें कारण म्हणजे हमरापुराहून आलेलें एका आजींचें पत्र. हमरापूर हें पनवेल-रोहे लोहमार्गावरील, पेणच्या अलीकडचें लहानसें स्थानक. तेथें आणि शेजारच्या जोहे, कळवे, तांबडशेत या गांवांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. मुंबई-पुण्याकडील आमच्या पुष्कळ वाचकांच्या चौरंगावर भाद्रपदांत बसणारी मूर्ति याच टापूंतून गेलेली असते. आजींच्या घरांत अकरा माणसें जेवतात व त्यांचा स्वतःचा कारखाना आहे. नातू मराठी माध्यमांतून दहावीस बसला आहे. गुण चांगले पडतील असा शाळेचा भरंवसा आहे आणि त्याला विज्ञानशाखेस जावयाचें आहे. थोरल्या चुलत्यांचें म्हणणें असें कीं, पनवेलच्या एखाद्या मोठ्या क्लासांत दोन वर्षांची फी एकरकमी भरून टाकावी. कॉलेजांत नांव असलें म्हणजे झालें, तेथें रोज जाण्याची गरज नाहीं. वडील म्हणतात, हंगामाची उचल हातीं आली आहे खरी. पण ती फीपायीं गेली तर माती, रंग आणि कारागिरांची मजुरी कोठून आणावयाची? येथपर्यंतची हकीकत शंभर घरांत आढळेल. परंतु आजींनीं पुढें चार ओळी लिहिल्या आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांची थोरली नात दहावीला शेंकडा अठ्ठ्याऐंशी गुण मिळवून अशीच विज्ञानशाखेस गेली. अकरावींत ती भौतिकशास्त्र व गणित या दोन्ही विषयांत नापास झाली, शिक्षण सुटलें, आणि आतां ती कारखान्यांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत बसते. आजी लिहितात : "पोर हुशार होती. मग तिचें काय चुकलें, हें आम्हांस अद्याप कोणी सांगितलें नाहीं."

तें सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतों. तिचें फारसें कांहीं चुकलें नसावें. पण तिच्यापुढें एकाच वेळीं तीन अडचणी उभ्या राहिल्या असाव्यात, आणि त्यांपैकीं एकीचीही पूर्वसूचना तिला कोणी दिली नसावी.

पहिली अडचण पंचांगाची. २०२५ सालीं दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली, निकाल १३ मे रोजीं लागला आणि गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आली. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यांत संगणकावरून होऊं लागले. दहांपर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम भरावयाचा आणि फेरीमागून फेरीची वाट पाहावयाची. आतां हमरापुरांतील घराचें वर्ष पाहा. जून उजाडला कीं कारखान्यांत हातघाई सुरू होते. भाताचें शेत असेल तर आषाढांत लावणी येते. आणि चतुर्थीच्या आधींचे सहा आठवडे घरांतलें शाळकरी पोरही रंगाच्या वाटीपासून सुटत नाहीं. नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजांत अकरावीचे पहिले धडे चालतात. राज्यमंडळाच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत पहिलें प्रकरण एकके व मापन यांचें, दुसरें गणितीय पद्धतींचें, तिसरें प्रतलांतील गतीचें आहे. दुसऱ्या प्रकरणांत सदिश राशी आणि कलनशास्त्राची तोंडओळख येते, आणि पुढलीं सारीं प्रकरणें याच दोन खांबांवर उभीं आहेत. गणपति गांवाला गेल्यावर मूल वही घेऊन बसतें तेव्हां वर्ग चौथ्या-पांचव्या प्रकरणांत पोंचलेला असतो. मग तें पाठ करूं लागतें. दहावीपर्यंत पाठांतरानें तारलें. अकरावींत तें तारीत नाहीं.

ज्यांच्या घरीं मूर्तींचा कारखाना नाहीं अशा वाचकांनीं हा परिच्छेद आपला नव्हे असें समजूं नये. कोणाकडे लग्नसराई असते, कोणाचें दुकान असतें, कोणाच्या घरीं आजारपण असतें. प्रत्येक घराचें एक स्वतंत्र पंचांग असतें आणि शिक्षणखातें तें पाहून वेळापत्रक आंखीत नाहीं.

यावर तोड अशी कीं, जे दिवस रिकामे आहेत ते ओळखावे. परीक्षेचा शेवटचा पेपर आणि निकाल यांमध्यें २०२५ सालीं पूर्ण आठ आठवडे होते. साऱ्या वर्षांत एवढा सलग व निवांत काळ पुन्हां येत नाहीं, आणि बहुतेक घरांत तो झोपेंत, लग्नांच्या पंगतींत आणि हातांतल्या मोबाईलवर जातो. पहिला आठवडा अवश्य तसा जावा. दमलेल्या मुलाला विसांवा हवाच. उरलेल्या सातांत रोज सकाळचे दोन तास मागावेत. त्यांत संपूर्ण अकरावी उरकण्याचा हव्यास नको. भौतिकशास्त्राचीं पहिलीं दोन प्रकरणें, रसायनशास्त्राचीं पहिलीं दोन, आणि दहावीच्या गणितांतल्या राहिलेल्या भेगा बुजविणें, एवढेंच पुष्कळ झालें. पुस्तकासाठीं पैसा लागत नाहीं. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीचीं पुस्तकें विनामूल्य उतरवून घेतां येतात. मात्र वाचावीं कागदावर. शेजारच्या बारावी झालेल्या मुलाकडून जुनें पुस्तक मागून आणावें. त्याच्या समासांतल्या पेन्सिलीच्या खुणा वाचणाऱ्याला पुष्कळ कांहीं शिकवितात.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती आमच्या मतें सर्वांत मोठी. विज्ञानशाखेंत अकरावीपासून पुस्तक इंग्रजी, शिकविणें इंग्रजी आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजी. सीईटीला मराठीचा पर्याय आहे, परंतु तिची गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजींतच असते. मराठी माध्यमांतलें मूल पहिल्या आठवड्यांत असें समजून चुकतें कीं, आपणांस कांहींच येत नाहीं. वस्तुतः त्याला पुष्कळ येत असतें. त्याला बल माहीत आहे, संवेग माहीत आहे, त्वरण माहीत आहे. फक्त त्यांचीं नवीं नांवें फोर्स, मोमेंटम, ॲक्सिलरेशन हीं त्याला ठाऊक नाहींत. दहावीच्या विज्ञानांतील असे दोन-अडीचशें शब्द एका वहींत समोरासमोर लिहून काढले तर निम्मी भीति त्याच दिवशीं जाते.

या कामांत मराठी मुलाला एक फायदाही आहे, आणि त्याची कल्पना त्याला कोणी देत नाहीं. मराठींतील शास्त्रीय शब्द संस्कृतांतून जोडून बनविलेले आहेत, इंग्रजींतले ग्रीक व लॅटिनमधून. आणि पुष्कळदां दोहोंची घडण एकच असते. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जुळवून एक करणें. प्रकाशसंश्लेषण हा शब्द तसाच्या तसाच उभा राहतो. 'थर्मामीटर' आणि तापमापी यांतही तोच प्रकार. जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला उज्ज म्हणत. उद म्हणजे पाणी, त्यापासून जन्म देणारा, आणि ग्रीक शब्दाचा अर्थही 'पाणी उत्पन्न करणारा' असाच आहे. ऑक्सिजनचा मूळ अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा'. लव्हाझिएला वाटलें कीं, सर्व आम्लांत हा वायु असतोच. पुढें मिठापासून निघणाऱ्या आम्लांत तो मुळींच नाहीं असें सिद्ध झालें, तरी नांव तेंच राहिलें. असा एकेक शब्द फोडून पाहण्याचा नाद ज्या मुलाला लागला, त्याला शब्दकोशाची फारशी धास्ती उरत नाहीं. ज्या घरांत आजोबांस थोडें संस्कृत येतें त्या घरानें तर हा खेळ रोज जेवतांना खेळावा.

पण खरा अडथळा लांबलचक शब्दांचा नसतोच. तीं मुलें लवकर पाठ करतात. अडतात तीं बारक्या शब्दांपाशीं. 'प्रोव्हायडेड' म्हणजे 'अशी अट पाळली गेली तर', 'अनलेस' म्हणजे 'तसें नसेल तरच', 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे 'सांगितलेल्या क्रमानें', 'निग्लेक्ट' म्हणजे 'हिशेबांत धरूं नका'. गणितांतलें एखादें वाक्य पूर्णपणें उलटें समजण्यास असा एक शब्द पुरतो, आणि मग उत्तर चुकलें कीं मुलाला वाटतें, आपलें गणितच कच्चें. तसेंच 'वर्क' आणि 'पॉवर' हे रोजचे शब्द शास्त्रांत फार काटेकोर अर्थानें येतात. डोक्यावर मूर्ति घेऊन ताटकळत उभा राहिलेला हमाल घामाघूम होतो, पण भौतिकशास्त्राच्या मतें मूर्तीवर त्याचें कार्य शून्य! हें ऐकून हमरापुरांतलें पोर हंसेल, आणि कायमचें लक्षांत ठेवील.

याकरितां आम्ही एक साधी रीत सुचवितों. रोज पुस्तकाचें एकच पान, मोठ्यानें वाचावें, अडलेल्या शब्दांखालीं रेघ मारावी, मग पुस्तक मिटून तें पान घरांतल्या कोणाला तरी मराठींत समजावून सांगावें. ऐकणाऱ्याला शास्त्र येत नसेल तर अधिक चांगलें. आजींस आमची विनंति आहे कीं, हें काम त्यांनीं पत्करावें. नातवानें सांगितलेलें पटलें नाहीं तर 'असें कां?' म्हणून विचारावें, आणि उत्तर आल्यावर पुन्हां एकदां 'असें कां?' म्हणून विचारावें. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलें नाहीं तर मुलानें पुस्तक पुन्हां उघडावें. शेवटीं त्याच पानाचा सारांश इंग्रजींत पांच वाक्यांत लिहावा. व्याकरणाच्या चुका आठवड्यांतून एकदां कोणी तपासल्या तरी चालेल. शाळेंत उत्तरें फळ्यावरून उतरवून घेण्याची आणि अपेक्षित प्रश्नसंच घोकण्याची संवय लागलेली असते. कॉलेजांत प्राध्यापक बोलत जातात आणि विद्यार्थ्यानें टिपून घ्यावयाचें असतें. हा हात आधींच वळवावा. आकाशवाणीचें बातमीपत्र ऐकतां ऐकतां पांच मुद्दे लिहून काढणें हा त्याला उत्तम आणि फुकट सराव आहे.

तिसरी अडचण गणिताची. दहावीला गणिताचे दोन भाग प्रत्येकीं चाळीस गुणांचे असतात, वीस गुण शाळेकडून मिळतात, आणि पर्यायी प्रश्नांचा आधार घेऊन एखादें प्रकरण सबंध वगळतां येतें. मुलें बहुधा भूमितीकडचें कांहीं तरी सोडून देतात आणि नेमकें तेथेंच समरूप त्रिकोण व त्रिकोणमिति असते. सदिश राशींचें दुसरें प्रकरण समजण्यास याच दोन गोष्टी लागतात. म्हणून गुणपत्रिकेवरील आंकडा पाहूं नये. कोणतें प्रकरण सोडलें होतें, तें मुलाला प्रेमानें विचारावें. रागानें विचारलें तर खरें उत्तर मिळत नाहीं. अवयव पाडणें, घातांक, वर्गसमीकरण, समरूपता, त्रिकोणमितीय गुणोत्तरें आणि आलेख काढणें, ही सामग्री चोख असली म्हणजे अकरावीचें गणित अंगावर येत नाहीं. दशांश अपूर्णांकांचे गुणाकार यंत्राशिवाय करण्याची संवयही ठेवावी. ज्या आजोबांस पावकी, निमकी, दीडकी अजून मुखोद्गत आहे, त्यांनीं या बाबतींत नातवंडांस थोडें हिणवलें तरी आमची हरकत नाहीं.

आतां कारखान्याविषयीं. मुलाला अभ्यासासाठीं कारखान्यापासून दूर ठेवावें असें थोरल्या चुलत्यांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. सहा आठवडे सर्वांबरोबर राबण्याचें त्याचें कर्तव्य त्यानें खुशाल करावें, परंतु तेथें डोळे उघडे ठेवावेत; कारण पनवेलच्या कोणत्याही क्लासांत नसलेली प्रयोगशाळा त्याच्या घरांत आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. जिप्सम नांवाचें खनिज तापविलें कीं त्यांतलें स्फटिकजल तीन-चतुर्थांश निघून जातें व ही पांढरी भुकटी उरते. तींत पाणी घातलें कीं गेलेलें पाणी ती परत घेते, घट्ट होते, आणि होतांना गरम होते. भरलेल्या साच्याला हात लावून ही उष्णता त्या मुलानें शंभर वेळां अनुभवली आहे; ती कोठून आली, हें मात्र त्याला कोणी विचारलेलें नाहीं. घट्ट होतांना प्लास्टर किंचित् फुगतें, म्हणून साच्यांतली बारीकशी रेघही मूर्तीवर उमटते. शाडू माती वाळतांना आकसते, म्हणून तिला तडे जाण्याचें भय. मुंबई उच्च न्यायालयानें जून २०२५ मध्यें प्लास्टरच्या मूर्ति बनविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक जलाशयांत त्यांच्या विसर्जनास दिली नाहीं. या वादाच्या मुळाशीं एक साधें त्रैराशिक आहे. एका लिटर पाण्यांत जिप्सम सुमारें दोन ग्रॅमच विरघळतें. पांच किलोची मूर्ति पूर्ण विरघळावयास किती पाणी लागेल? अडीच हजार लिटर, आणि तेंही सतत ढवळीत राहिलें तर. शेतांतली विहीर, गांवचें तळें आणि घरची बादली यांचा हिशेब मुलानें आपण होऊन मांडला तर विद्राव्यतेचा धडा त्याला वेगळा शिकविण्याची गरज नाहीं.

दुसरें उदाहरण मापांचें. मूर्तीची उंची एका फुटावरून दीड फूट केली आणि सर्व अवयव त्याच प्रमाणांत वाढविले, तर रंग किती अधिक लागेल? दीडपट नव्हे, सव्वादोनपट, कारण पृष्ठभाग वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. मूर्ति भरीव असेल तर माती तीनपटींहूनही अधिक लागेल, कारण ती घनाच्या प्रमाणांत वाढते. पोकळ मूर्तीचा हिशेब पुन्हां निराळा. तेथें भिंतीची जाडी ठरवावी लागते. कोणताही मुरब्बी कारागीर हें अनुभवानें जाणतो आणि त्याप्रमाणेंच किंमत सांगतो. त्याचा तो अनुभव समीकरणांत लिहून दाखविणें हें सोळा वर्षांच्या मुलास योग्य असें काम आहे. त्यानें तें वडिलांस लिहून दाखवावें. वडिलांचा शिक्षणावरील विश्वास वाढविण्यास याहून चांगला उपाय आम्हांस माहीत नाहीं.

क्लासच्या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाहीं. क्लास वाईटच असें आमचें मत नाहीं. चांगला शिक्षक जेथें भेटेल तेथें जावें. परंतु दोन वर्षांची फी आधीं भरूं नये. एकदां पैसा गुंतला म्हणजे मूल तेथें रमत नाहीं हें दिसत असूनही घर डोळे मिटून घेतें. आणि कॉलेजांत केवळ नांव ठेवण्याची जी चाल पडली आहे ती तर आम्हांस अजिबात पसंत नाहीं. या चालीला आळा घालण्यासाठींच २०१८ सालीं सरकारनें विज्ञानशाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बोटाच्या ठशानें हजेरी घेण्याचा हुकूम काढला होता. हमरापुराहून पेण जवळ आहे. तेथें भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे. पनवेलच्या रोजच्या जाण्यायेण्यांत मोडणारे तास घरच्या अभ्यासाला मिळाले तर ती मिळकत लहान नव्हे. आमचा सल्ला असा : वर सांगितलेले आठ आठवडे आधीं पार पाडावेत. ज्या विषयांत मूल खरोखर अडेल त्या एका विषयापुरती शिकवणी, महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन, ठेवावी. हंगामाची उचल हंगामालाच राहूं द्यावी. मुलाच्या शिक्षणाच्या नांवानें घराचें वर्ष बुडालें तर त्याचें ओझें पुढें तें मूलच वाहतें, आणि त्या ओझ्यानें अभ्यास होत नाहीं.

लहान गांवांतून गेलेल्या मुलाचा निभाव लागत नाहीं, असें म्हणणाऱ्यांसाठीं त्याच लोहमार्गावरील रोह्याचें नांव पुरेसें आहे. चिंतामणराव देशमुखांचें बालपण तेथें गेलें. पुढें मुंबईस शिकून १९१२ सालीं ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. हा संस्कृतचा विद्यार्थी केंब्रिजला जाऊन शिकला काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र! १९१७ सालीं तेथील वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकही त्यांनाच मिळालें. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु आम्हांस मोल वाटतें तें एका विषयाची पक्की बैठक दुसऱ्या विषयांत कामीं आली याचें. अर्थात् रोज सकाळीं दुधाच्या पेल्याबरोबर मुलाला देशमुखांचें नांव पाजूं नये. त्यावर हुशार मुलगा गागोद्याच्या विनोबांचा दाखला देईल. तेही पेण तालुक्यांतलेच, आणि १९१६ सालीं त्यांनीं तर प्रमाणपत्रेंच चुलींत घातलीं होतीं.

राहिली ती थोरली नात. आजींनीं तिच्याविषयीं सल्ला मागितलेला नाहीं, तरी तो दिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणें हें कारखान्यांतलें सर्वांत नाजूक काम. तो हात स्थिर आहे आणि नजर शाबूत आहे. अकरावीच्या दोन विषयांनीं तिचें शिक्षण संपलें असें घरानें कां मानावें? दहावी उत्तीर्ण झालेल्यास कला किंवा वाणिज्य शाखेंतून खाजगी रीतीनें बारावीस बसण्याची सोय राज्यमंडळानें ठेविली आहे. सतरा नंबरचा अर्ज म्हणून ती ओळखली जाते. त्या अर्जाची मुदत मंडळाच्या संकेतस्थळावर आधींच पाहून ठेवावी, नाहींतर हंगामाच्या धांदलींत ती टळून जाईल. तिला विज्ञानच हवें असेल तर कॉलेजांत जाऊन फेरप्रवेशाची चौकशी करावी. आणि तिच्या भावासाठीं जे दोन तास राखून ठेवले जातील त्यांत तिचीही चटई अंथरावी. तो जें पान वाचील तें तिनें एकदां वाचलेलें आहे. तें तिला कोठें अडलें होतें, हें तीच त्याला सर्वांआधीं सांगूं शकेल, आणि सांगतां सांगतां कदाचित् तिचें तिलाच उमगेल. मुलाला अभ्यासाची खोली आणि मुलीला रंगाची वाटी, अशी वांटणी पुष्कळ सुशिक्षित घरांतही नकळत होते. तेवढी आजींनीं होऊं देऊं नये. घरांत त्यांचा शब्द चालतो असें पत्रावरून दिसतें.

कला व वाणिज्य शाखांकडे जाणाऱ्या मुलांच्या तयारीचा विचार जागेअभावीं या खेपेस करतां आला नाहीं. तो पुढील अंकीं करूं. दरम्यान ज्या वाचकांच्या घरीं गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी मराठी माध्यमांतून विज्ञानशाखेस गेलें असेल, त्यांनीं पहिल्या तीन महिन्यांत नेमक्या कोणत्या शब्दांपाशीं मूल अडलें, त्यांची यादी आमच्याकडे धाडावी. ती एकत्र करून छापण्याचा विचार आहे.